कुलाब्याचे हरवलेले स्थानक

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून येणारी गाडी चर्चगेटला थांबली, की सारे प्रवासी उतरतात. लोहमार्ग तेथेच संपतो. परंतु एके काळी हे रूळ तेथे संपत नसत. ते समुद्राच्या काठाने तसेच दक्षिणेस, कुलाब्यापर्यंत जात.

कुलाबा हे मूळचे निराळे बेट. १८३८ साली बांधलेल्या रस्त्याने ते मुंबईशी जोडले गेले, आणि पुढे १८४४ साली कापसाचा मोठा बाजार तेथे नेण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा या बाजारास विलक्षण तेजी आली. गुजरातेतील कापूस मुंबई बंदरात आणण्यास आगगाडीहून सोयीचे साधन कोणते? बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईत पोहोचला व काही वर्षांनी कुलाब्यास जाऊन भिडला. प्रथम तेथे मालाची वखार होती. १८९६ साली मोठे स्थानक उभे राहिले.

मालाबरोबर माणसेही येऊ लागली. विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली होती. दिवसाकाठी एकच फेरी! पुढे फेऱ्या वाढल्या. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, आणि धुराच्या लोटांतून प्रवाशांची सुटका झाली.

नवलाची गोष्ट अशी, की हा थाट पुरती तीन वर्षेही टिकला नाही. बॅकबेचा समुद्र बुजवून नवी वस्ती वसवण्याची सरकारी योजना चालू होती आणि चर्चगेटपलीकडची रेल्वेची जागा त्या योजनेच्या वाटेत येत होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी डिसेंबर १९३० मध्ये बॉम्बे सेंट्रल हे नवे स्थानक उघडण्यात आले, आणि ३१ डिसेंबर रोजी कुलाबा स्थानक बंद झाले. दादरहून कुलाब्यास कामाला जाणाऱ्या एखाद्या कारकुनाची कल्पना करा. नववर्षाच्या पहिल्याच सकाळी त्याला चर्चगेटला उतरून उरलेली वाट पायी किंवा ट्रामने काढावी लागली असेल!

स्थानकाच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. २०२५ साली भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली. ते स्थानक या वसाहतीपासून फार दूर नाही.