विद्यापीठाला माल विकायचाय? आधी खरेदीची फाईल कशी फिरते ते समजून घ्या



या आठवड्याचा व्हिडिओ संस्थांना माल विकण्याबद्दल आहे. त्यात सगळे कागद नीट दाखवता आले नाहीत, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

तुमचं स्टेशनरीचं, कॉम्प्युटरच्या सामानाचं किंवा प्रयोगशाळेच्या काचसामानाचं दुकान असेल, तर जवळचं विद्यापीठ हे मोठं गिऱ्हाईक आहे. पण काउंटरवरच्या गिऱ्हाइकात आणि विद्यापीठात एक मोठा फरक आहे. काउंटरवर वस्तू मागणारा, "घेऊया" म्हणणारा आणि पैसे देणारा माणूस एकच असतो. विद्यापीठात ही तीन वेगळी माणसं असतात. मागणी प्राध्यापकांची, मंजुरी वरच्या अधिकाऱ्याची आणि पैसे लेखा विभागाचे. तिघांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे फाईल. ही फाईल कुठे अडते हे ज्याला कळतं, त्याचा पैसा अडकत नाही.

फाईलचे सहा टप्पे

समजा, एका विभागाला प्रिंटरचे टोनर हवेत.

१. मागणीपत्र. विभागातले शिक्षक किंवा प्रयोगशाळा सहाय्यक लिहून देतात: काय हवं, किती हवं, कशासाठी हवं, अंदाजे खर्च किती. सोबत लेखाशीर्ष लिहावं लागतं, म्हणजे खर्च अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून होणार ते. मग विभागप्रमुखांची सही. त्या खात्यात तरतूदच शिल्लक नसेल, तर फाईल इथेच थांबते. तुमचा दर कितीही चांगला असला तरी काही उपयोग नाही.

२. दरपत्रकं. रक्कम लहान असेल तर थेट खरेदी होते. त्याच्या वर गेली की साधारण तीन दरपत्रकं मागवतात आणि त्याहून मोठी असेल तर निविदा निघते. या मर्यादा प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या असतात आणि बदलतही राहतात. त्यामुळे यूट्यूबवर (माझ्यासुद्धा!) ऐकलेल्या आकड्यावर विसंबू नका, त्या विद्यापीठाच्या लेखा विभागात विचारा.

३. तुलनात्मक तक्ता आणि मंजुरी. आलेले दर एका तक्त्यात मांडतात. त्यावर टिप्पणी लिहून फाईल वर जाते. रक्कम किती आहे त्यावर सही कोणाची हे ठरतं: विभागप्रमुख, वित्त व लेखा अधिकारी, कुलसचिव की कुलगुरू. मोठ्या खरेदीसाठी खरेदी समिती असते. वाटेत कोणाला शंका आली की फाईल "त्रुटी" म्हणून परत खाली येते.

४. पुरवठा आदेश. म्हणजेच पर्चेस ऑर्डर. यावर जावक क्रमांक, तारीख, नग, दर, मुदत आणि सही असते.

५. माल आणि नोंद. तुम्ही चलनासोबत माल देता, विभाग तपासतो आणि साठा नोंदवहीत चढवतो. टोनरसारखा वापरून संपणारा माल एका नोंदवहीत, खुर्ची-प्रिंटरसारखा टिकणारा माल डेड स्टॉक रजिस्टरमध्ये. कुठल्या पानावर नोंद झाली ते तुमच्या बिलावर लिहून सही करतात. हा शेरा नसलेलं बिल लेखा विभाग परत पाठवतो.

६. बिल आणि पैसे. बिल, चलन, आदेशाची प्रत हे सगळं एकत्र लेखा विभागात जातं, तिथे तपासणी होते आणि मग रक्कम बँकेत जमा होते.

"एवढं कशाला लागतं?" असं वाटेल. कारण हा सार्वजनिक पैसा आहे आणि त्याचं लेखापरीक्षण होतं. सही करणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: उद्या ऑडिटमध्ये कोणी विचारलं तर कागद आहे का? तुम्ही तो कागद पूर्ण दिलात, तर त्याचं काम सोपं होतं.

आदेशाशिवाय माल नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. "तुम्ही माल पाठवून द्या, ऑर्डर मागून काढतो" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. म्हणणारे सर प्रामाणिकच असतात, त्यांची परीक्षा तोंडावर आलेली असते. पण मंजुरी त्यांच्या हातात नसते. वरून फाईल नामंजूर झाली तर माल वापरून झालेला असतो आणि तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो.

उत्तर नम्रपणे द्या: "सर, माल तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवतो. आदेश आला की त्याच दिवशी पोचवतो." यात संबंधही टिकतो आणि मालही तुमच्याच दुकानात राहतो.

उशिराची किंमत मोजा

उदाहरण घेऊ. टोनरची तुमची खरेदी ६०,००० रुपये, जीएसटी १८ टक्के, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला दिले ७०,८००. विक्री ६६,००० अधिक जीएसटी. कागदावर नफा ६,००० रुपये.

तुमच्या भांडवलाचा खर्च महिना दीड टक्का धरा. पैसे एका महिन्यात आले तर खर्च १,०६२ रुपये, हातात उरले ४,९३८. तेच पैसे चार महिन्यांनी आले तर खर्च ४,२४८ रुपये, हातात उरले फक्त १,७५२. यातून टेम्पोचं भाडं आणि लेखा विभागाच्या फेऱ्या वजा करा. शिवाय मासिक रिटर्न भरत असाल तर बिल केलेल्या महिन्याचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, विद्यापीठाकडून पैसे आलेले असोत वा नसोत.

म्हणून दर देतानाच विचारा, "बिल साधारण किती दिवसांत निघतं?" आणि तो काळ दरात धरा. एकूण भांडवलाच्या किती टक्के रक्कम अशा उधारीत गुंतवायची, याची मर्यादाही आधीच ठरवा.

आता एक गैरसमज दूर करू. एमएसएमईडी अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. हे खरं आहे. पण किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून जी उद्यम नोंदणी मिळते, ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच आहे. म्हणजे तुम्ही स्वतः माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर ४५ दिवसांचं संरक्षण आहे, नुसती खरेदी-विक्री करत असाल तर त्यावर भरवसा ठेवू नका.

दोन गोष्टींना "नाही" म्हणा

पहिली: "तीनही कोटेशन तुम्हीच आणून द्या." मित्राच्या लेटरहेडवर जास्त दर टाकून द्यायचा, हा प्रकार बाजारात चालतो. "सगळेच करतात" हेही ऐकाल. पण ही खोटी स्पर्धा आहे. स्पर्धा अधिनियम, २००२ नुसार बोली लावताना संगनमत करायला बंदी आहे. तीन कागदांवर एकच अक्षर, एकच चूक दिसली की ऑडिटमध्ये नाव तुमच्याच दुकानाचं येतं. सांगा, "सर, माझं कोटेशन मी देतो. बाकीची विभागाने मागवावीत."

दुसरी: एका खरेदीची चार बिलं करणं, मर्यादेच्या आत बसावं म्हणून. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये नियम १५७ अशा तुकड्यांना मनाई करतो.

तुमचं दरपत्रक असं हवं

- ज्या पत्राने दर मागवले त्याचा क्रमांक आणि तारीख
- मॉडेलसह वस्तूचं पूर्ण वर्णन आणि एचएसएन कोड
- एका नगाचा दर, जीएसटी वेगळा, एकूण रक्कम
- पोच धरून की पोच वेगळी, वॉरंटी किती
- दर किती दिवस लागू (मंजुरीला वेळ लागतो, हे धरून लिहा)
- जीएसटी क्रमांक, पॅन, बँक खातं, सही-शिक्का

आदेश आला की बिलातलं वर्णन आदेशातल्या शब्दांशी तंतोतंत जुळवा. आदेशात "टोनर कार्ट्रिज" आणि बिलात "प्रिंटर इंक" असं असेल, तर फाईल परत आलीच म्हणून समजा.

आणखी एक. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय किंवा आयआयटी बॉम्बे अशा केंद्राच्या संस्थांना विकायचं असेल, तर २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' पोर्टलवर नोंदणी करा, कारण तिथे मिळणारा माल त्यांना साधारणपणे त्या पोर्टलवरूनच घ्यावा लागतो. पुणे, कोल्हापूरसारख्या राज्य विद्यापीठांचे स्वतःचे खरेदी नियम आणि निविदा त्यांच्या संकेतस्थळावर बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. जवळच्या एका विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची एक जुनी निविदा पूर्ण वाचा.
२. वरच्या यादीप्रमाणे स्वतःच्या दरपत्रकाचा नमुना तयार करा.
३. वहीत सहा रकाने आखा: मागणी, दर, मंजुरी, आदेश, माल, बिल. प्रत्येक व्यवहाराची तारीख त्यात लिहीत जा.

दोन-तीन व्यवहार झाले की ही वहीच सांगेल, कोणता विभाग वेळेत पैसे देतो आणि कुठे उधारी थांबवायची. पुढच्या व्हिडिओत निविदा कशी भरायची ते बघू. तोपर्यंत आदेश हातात आल्याशिवाय टेम्पो भरू नका!