सफरचंद-अक्रोडाचा केक आणि आपली साखर

नव्याच्या सणाच्या सुमारास इथे हॉलंडच्या बाजारात नवी सफरचंदे येतात, मग ताजे अक्रोड. केकसाठी आंबटगोड बॉस्कोप उत्तम. हे सफरचंद १८५६ साली बॉस्कोप गावातच सापडले. ते न मिळाल्यास एल्स्टार घ्यावे.

साहित्य : कणीक २०० ग्रॅम, सफरचंदाचा सालीसकट कीस ३०० ग्रॅम, अक्रोड ७५ ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, अंडी २, सूर्यफुलाचे तेल १०० मिलिलिटर, बेकिंग पावडर २ चमचे, दालचिनी पूड १ चमचा. लोणी-दूध नसल्याने मटणाच्या जेवणानंतरही चालतो.

कृती : अंडी, साखर, तेल फेटा. कीस, बेदाणे, अक्रोड घाला. शेवटी कणीक, बेकिंग पावडर व दालचिनी चाळून हलकेच मिसळा. १७० अंशांवर सुमारे ५० मिनिटे भाजा. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली पाहिजे. वयस्करांनी कच्चे अंडे टाळावे. गार झाल्यावर १२ तुकडे करा.

कोणी काय सांभाळावे

मधुमेह : साखर कमी घातली तरी कणीक, बेदाणे, सफरचंद यांची साखर होतेच. एका तुकड्यात साधारण २० ते २२ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे पावाच्या एका स्लाइसपेक्षा थोडी जास्त. म्हणून केक खायचा त्या वेळी पाव कमी करा.

मूत्रपिंडाचा आजार : बेदाणे व अक्रोडात पोटॅशियम असते. ते कमी खायला सांगितले असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कवळी : अक्रोड जाडसर न ठेवता कुटून घाला, घशात अडकत नाहीत. खवट किंवा बुरशीचा अक्रोड फेकून द्या.

साखर उतरली तर केक नको

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच साखर तपासा. ४ च्या खाली (भारतातल्या मापात सुमारे ७०) असेल तर पुष्कळजण हाताशी असलेला केक खातात. पण तेल-अक्रोडामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश जाते. त्याऐवजी अर्धा कप पाण्यात चार चमचे साखर विरघळवून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा प्या. साखर वर आली की मग केकचा तुकडा खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ११२ ला फोन करा.

किप्पुरच्या उपासाआधी औषधांबद्दल डॉक्टरांशी नक्की बोला. उपासात साखर उतरली तर उपास तिथेच सोडावा. जीव वाचवणे उपासाहून मोठे, हे आपला धर्मच सांगतो.