पैसे घेण्यास पिन लागत नाही : वरच्या वर्गांसाठी एक पाठ

गेल्या पावसाळ्यात एका शाळेच्या भेटीस गेलो असता सहावीतील एक मुलगी खाली मान घालून बसलेली आढळली. चौकशी करता कळले ते असे : “मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, रक्कम जमा होण्यासाठी पिन टाका,” असा फोन तिच्या आईस आला. आईस वाचता येत नसल्याने मुलीनेच पिन दाबला. खतासाठी ठेवलेले पैसे गेले. घरी लाजेने दोन दिवस कोणी कोणाजवळ बोलले नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, दोष त्या मुलीचा नव्हे. जे शिकवावयास हवे होते, ते आपण शिकविले नव्हते.

पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा. प्रथम विचारावे, “कोणी घरी पैसे आणून दिले, तर आपण त्याला पेटीची किल्ली देतो काय?” मुले ‘नाही’ म्हणतील. त्या उत्तरातूनच नियम काढावा : यूपीआयचा पिन पैसे पाठविताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे स्वीकारताना कधीही लागत नाही.

नंतर फळ्यावर तीन शब्द लिहावेत : घाई, भीती, लोभ. “आज रात्री वीज तोडू” ही घाई. “तुम्हांस व्हिडिओ कॉलवर अटक केली आहे” ही भीती. अशी ‘डिजिटल अटक’ आपल्या कायद्यात मुळीच नाही. “तुम्हांस बक्षीस लागले” हा लोभ. मुलांनी घरी आलेले संदेश सांगावेत व ते कोणत्या शब्दाखाली येतात, हे वर्गाने ठरवावे. लग्नपत्रिका म्हणून आलेली ‘एपीके’ फाईल हे चित्र नसून ॲप असते, ती उघडू नये, हेही सांगावे.

उपाय सोपा आहे. फोन ठेवावा, संदेशातील क्रमांकावर नव्हे, तर बँकेच्या पासबुकावरील क्रमांकावर विचारावे. ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे गेलेच, तर तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेस कळवावे. रक्कम दुसऱ्या खात्यातून पुढे जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती थांबविता येण्याचा संभव असतो.

म्हणून फसलेल्या मुलास वर्गात कोणी हसू नये. लाजेने माणूस गप्प बसतो, आणि त्या विलंबाचा लाभ चोरास होतो.

गृहपाठ : हा नियम घरातील वडील माणसांस समजावून सांगणे.