पावसाळ्यात पोलादी हत्यारांची निगा

कारागिराचे पोट हत्यारावर असते आणि हार्डवेअरवाल्याचे भांडवल मालात. पावसाळ्यात दोन्ही गंजाच्या तोंडी जातात. मग घाईघाईने वरून तेल ओतले जाते आणि महिन्याभराने तेलाखालीच तांबूस डाग दिसू लागतात. चूक तेलाची नसते, क्रमाची असते. आधी सफाई, मग सुकवणे आणि शेवटी तेल, हा क्रम प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

गंज का चढतो?

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो. त्यासाठी हत्यार भिजलेच पाहिजे असे नाही. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो, आणि मुंबई-कोकणात पावसाळाभर ती त्याहून बरीच जास्त असते. हाताच्या घामात मीठ असते, म्हणून बोटांचे ठसे उमटतात तिथेच पहिला डाग पडतो. गंज एकदा धरला की तो पोपडे धरून सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते.

सफाईची रीत

१) हलका गंज घासलेटात भिजवलेल्या चिंधीने व बारीक पॉलिश पेपरने काढावा. धारेवर पेपर घासू नये. जवळ विडी-काडी पेटवू नये व खिडकी उघडी ठेवावी.

२) घासलेट उडून जाते, संरक्षण देत नाही. म्हणून कोरड्या कापडाने पुसून हत्यार थोडा वेळ उन्हात किंवा दिव्याच्या उबेला ठेवावे.

३) नंतर मशीन ऑईलचा पातळ हात फिरवून जास्तीचे तेल पुसून घ्यावे. जाड थरावर धूळ व भुसा चिकटतो आणि तोच ओल धरतो. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होते.

हत्याराप्रमाणे फरक

शिंप्याची कात्री: मेरठच्या कात्र्या देशभर नावाजलेल्या आहेत, पण चांगल्या कात्रीचा जीवही जोडात असतो. जोडावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकावा, कात्री आठ-दहा वेळा उघडझाप करावी, मग निरुपयोगी कापडावर चालवून पाहावी. असे केल्यास गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडणार नाही.

सुताराचा रंधा व पटाशी: पात्याला तेल असावे, पण काम सुरू करण्यापूर्वी पुसावे. लाकडावर तेल उतरले तर पॉलिश नीट बसत नाही.

कानस: हिला तेल लावू नये. तेलाने दातांत कीस अडकतो. ब्रशने झाडून खडू घासावा आणि कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावी.

दुकानदारांसाठी

माल जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता फळीवर ठेवावा. ओलसर पुठ्ठा व गोणपाट काढून टाकावे. मीठ, ब्लीचिंग पावडर आणि बॅटरीचे ॲसिड पोलादाशेजारी कधीही ठेवू नये. ब्लीचिंग पावडरच्या वाफेनेही माल काळवंडतो. बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. आधी आलेला माल आधी विकावा. डाग पडलेला माल घासून नवा म्हणून खपवू नये. सांगून, भाव कमी करून विकावा. पेढीची पत एका पान्ह्याच्या नफ्यापेक्षा मोठी आहे.

पुराचे पाणी शिरल्यास

जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे पुराचे पाणी बाजारपेठांत शिरले. अशा वेळी हत्यारे चिखलासकट वाळू देऊ नयेत. प्रथम गोड्या पाण्याने धुवावी, त्याच दिवशी पुसून सुकवावी, मग तेल लावावे. विजेवर चालणारे यंत्र मात्र मिस्त्रीने तपासल्याशिवाय सुरू करू नये.

आठवड्यातून एक दिवस, काम बंद करताना, पंधरा मिनिटे हत्यारांना द्यावीत. नव्या हत्याराच्या किमतीपुढे एका चिंधीचा आणि चार थेंब तेलाचा खर्च काहीच नाही.