विश्वाची सममिति व तिचा भंग



तंबोऱ्यासाठीं निवडलेला वाटोळा भोपळा आपल्या मिरजेंत कोणीं पाहिला नाहीं? तो देठाभोवतीं थोडा फिरवून ठेवला, तरी जवळजवळ पूर्वीसारखाच दिसतो. बदल करूनही जें होतें तसेंच राहतें, त्याच्या ठायीं सममिति आहे असें शास्त्रज्ञ म्हणतात. कारागीर तोच भोपळा एका बाजूनें कापून त्यावर लाकडी तबली बसवितो. आतां तो फिरविल्यास पुढची बाजू कोणती व मागची कोणती, हें ओळखूं येतें. हा सममितीचा भंग होय. परंतु भंग म्हणजे बिघाड असें समजूं नये. भोपळा कापल्यावांचून तंबोरा तयार होत नाहीं.

वस्तूंप्रमाणें निसर्गाच्या नियमांसही सममिति असते. दगड मिरजेंत ज्या नियमानें पडतो, त्याच नियमानें काशींतही पडतो. ही स्थलाची सममिति. आज जो नियम तोच उद्यां, ही कालाची. पूर्वेकडे तोंड करून प्रयोग केला काय किंवा उत्तरेकडे केला काय, नियम एकच, ही दिशेची. १९१८ सालीं एमी नोएथर ह्या जर्मन गणितज्ञ विदुषीनें असें सिद्ध केलें कीं, अशा प्रत्येक सममितीमुळें एकेक राशि अक्षय राहते: कालाच्या सममितीमुळें ऊर्जा, स्थलाच्या सममितीमुळें संवेग व दिशेच्या सममितीमुळें कोनीय संवेग. ‘ऊर्जा नष्ट होत नाहीं’ असें आपण शाळेंत पाठ करितों, त्याचें मूळ हें आहे.

येथें एक शंका सहज उद्भवते. आइन्स्टाइनच्या १९१५ सालच्या सिद्धान्ताप्रमाणें स्थल व काल हीं अचल नाहींत. पदार्थामुळें त्यांना वक्रता येते, आणि त्या वक्रतेसच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतों. मग स्थलकालच वांकला, तर त्याच्या सममितीचें काय होतें? उत्तर असें कीं, नियमांची सममिति कायम असली, तरी त्या नियमांप्रमाणें चालणाऱ्या प्रत्यक्ष सृष्टींत ती असेलच असें नाहीं. प्रत्येक वेळीं तपासून पाहावें लागतें. ह्या तपासणीच्या कामीं आपल्या शेजारच्या कोल्हापुरांत जन्मलेल्या पितापुत्रांचा वाटा मोठा आहे.

१९१६ सालीं कार्ल श्वार्झशिल्ड ह्यांनीं एका ताऱ्याभोंवतीं असलेल्या स्थलकालाचें गणित केलें. त्यांनीं तारा वाटोळा व बाहेर सर्व पोकळी मानली. अशा ताऱ्याचें गुरुत्वाकर्षण काल, आज व उद्यां सारखेंच असतें. परंतु आपला सूर्य प्रकाश देतो, आणि त्या प्रकाशापायीं दर सेकंदास ४० लक्ष टनांहून अधिक द्रव्यमान गमावतो. म्हणजे वाटोळेपणाची सममिति टिकली, कालाची मात्र भंगली. अशा प्रकाशमान ताऱ्याचें गणित १९४३ सालीं प्रह्लाद चुनीलाल वैद्य ह्या तरुण गुजराती गणितज्ञांनीं सोडविलें. त्यांचे मार्गदर्शक होते काशी हिंदु विश्वविद्यालयांतील प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर. त्यांचा जन्म १९०८ सालीं कोल्हापुरांत झाला होता.

त्यांचे पुत्र जयंत ह्यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९३८ सालचा. १९५७ सालीं ते केंब्रिजला गेले व पुढें फ्रेड हॉइल ह्यांचे शिष्य झाले. हॉइल, बाँडी व गोल्ड ह्यांनीं १९४८ सालीं असें मत मांडलें होतें कीं, विश्व सर्व स्थळीं सारखें आहे, इतकेंच नव्हे, तर सर्व काळींही सारखेंच आहे. तें प्रसरण पावतें. पण नवें द्रव्य हळूहळू निर्माण होऊन त्याची घनता कायम राहते. त्यास आदि नाहीं व अंतही नाहीं.

१९६४ सालीं हॉइल व नारळीकर ह्यांनीं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्यांत प्रत्येक कणाचें द्रव्यमान विश्वांतील इतर सर्व कणांवर अवलंबून असतें. शिवाय लांबी मोजण्याची पट्टी जागोजागीं लहानमोठी घेतली, तरी समीकरणांचें रूप बदलत नाहीं. कणांचें द्रव्यमान सर्वत्र कायम ठरेल अशी एकच पट्टी निवडली, म्हणजे ही मोकळीक संपते आणि आइन्स्टाइनचीं समीकरणें हातीं येतात.

पुढच्याच वर्षीं, १९६५ सालीं, अमेरिकेंतील पेंझियास व विल्सन ह्यांनीं आकाशाच्या सर्व दिशांकडून येणाऱ्या एका मंद प्रारणाचा शोध प्रसिद्ध केला. त्याचें तापमान केवल शून्याहून २·७ अंश वर आहे. बहुतेक शास्त्रज्ञांनीं त्यावरून असें अनुमान काढलें कीं, पूर्वीं विश्व फार दाट व तप्त होतें, आणि तें जसजसें पसरलें तसतसें हें प्रारण निवत आलें. तर मग कालचें विश्व आजच्यासारखें नव्हतें. विश्वाच्या इतिहासांत कालाची सममिति भंगलेली आहे. पसरत्या विश्वांत प्रकाशाची ऊर्जा घटते ती ह्यामुळेंच, व त्यानें नोएथरच्या सिद्धान्तास बाध येत नाहीं. कारण ऊर्जेचें अक्षयत्व ज्या सममितीवर उभें, तीच तेथें नाहीं. दिशेची सममिति मात्र आश्चर्य वाटावें इतकी टिकली आहे. ह्या प्रारणाच्या तापमानांत दिशेगणिक मूळचा फरक आढळतो तो लक्षांत सुमारें एक भाग. परंतु तेवढ्याशा फरकावर गुरुत्वाकर्षणानें द्रव्य गोळा होत जाऊन आकाशगंगा व तारे घडले. तो अल्पसा भंग नसता, तर आपणही नसतों.

जयंतरावांस हा निकाल पूर्णपणें पटला नाहीं. १९९३ सालीं हॉइल व जेफ्री बर्बिज ह्यांच्यासह त्यांनीं प्रसरण व आकुंचन ह्यांचीं दीर्घ आवर्तनें घेणारें विश्व सुचविलें. बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं तें स्वीकारलें नाहीं. तरी ते पुरावा तपाशीत व प्रश्न विचारीत राहिले. १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या आयुका संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते, आणि त्यांना मान्य नसलेल्या मतावर संशोधन करणाऱ्यांसही तेथें वाव मिळाला. २० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

मित्रहो, सममिति मनास मोहविते, म्हणून ती खरी ठरत नाहीं. आणि ती भंगली म्हणून तिचा शोध व्यर्थही जात नाहीं, कारण भंग कोठें झाला हें कळण्यास आधीं सममिति ठाऊक असावी लागते. गणिताच्या तासास ‘असें गृहीत धरूं’ हे शब्द कानीं पडतील, तेव्हां गृहीत काय धरलें तें वहींत लिहून ठेवा, आणि तें प्रत्यक्षांत खरें आहे काय, हें गुरुजनांस नम्रपणें पण निर्भयपणें विचारा.