अनोळखी वनस्पतीची ओळख : मर्यादवेल

(इयत्ता चौथी व पाचवी : सृष्टिनिरीक्षण)

उद्देश : अनोळखी वनस्पती एकाच लक्षणावरून न ओळखता पान, खोड, फूल व फळ यांचा एकत्र विचार करण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे.

प्रस्तावना : अहिल्यानगर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. त्यामुळे सहल कोकणात गेली म्हणजे किनाऱ्यावरील वाळूच्या टेकाडांवर पसरलेला हिरवागार वेल मुलांना नवा वाटतो. त्याचे दुभंगलेले पान पाहून कोणी त्यास आपटा म्हणेल. पाठाचा आरंभ तेथूनच करावा.

निरीक्षण : आपटा हा वृक्ष असून त्यास शेंगा येतात. हा वेल वाळूवर सरपटतो व पेऱ्यापेऱ्यांशी मुळे धरतो. देठ मोडल्यास पांढरा चीक येतो. फूल नरसाळ्याच्या आकाराचे, गुलाबी-जांभळे असते. फळ गोलसर बोंड असून त्यात बहुधा चार केसाळ बिया असतात. म्हणजे पानाचा आकार सोडल्यास आपट्याशी काहीच जुळत नाही.

तुलना : असे नरसाळ्यासारखे फूल आपल्याकडे रताळ्याच्या वेलास व पाटाकाठच्या बेशरमीस येते. तिन्ही वनस्पती 'आयपोमिया' या एकाच प्रजातीतील होत. किनाऱ्यावरील हा वेल म्हणजे मर्यादवेल. याच्या शास्त्रीय नावातील 'पेस-काप्री' या शब्दांचा अर्थ 'शेळीचा पाय' असा आहे. लिनियसने १७५३ मध्ये पानाच्या आकारावरून ते नाव योजिले. मुळांनी वाळू धरून ठेवणाऱ्या या वेलास मराठी नावही शोभून दिसते.

सावधगिरी : रताळे उपवासास चालते, बेशरम मात्र शेळ्यांना विषारी आहे. एका प्रजातीतील वनस्पतींतही इतका भेद असतो. म्हणून 'अमक्यासारखी दिसते, तेव्हा खाण्याजोगी असेल' हा तर्क घातक होय. अनोळखी पान, फळ वा बी तोंडात घालू नये. चीक डोळ्यांस लागू देऊ नये व निरीक्षणानंतर हात धुवावेत, हे शिक्षकांनी पाठाच्या प्रारंभीच बजावावे.

उपक्रम : वेल उपटू नये, तो उपटल्यास वाळू मोकळी होते. फुलासह एकच लहान फांदी घेऊन वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी आणि सोबत स्थळ, दिनांक व फुलाचा ताजा रंग नोंदवावा, कारण वाळल्यावर रंग पालटतो. सहल नसल्यास हाच पाठ शाळेजवळील आपटा व कांचन यांवर घ्यावा.

प्रश्न :
१. मर्यादवेल आपटा नव्हे, हे कोणत्या लक्षणांवरून ठरते?
२. रताळे व बेशरम यांच्या फुलांत कोणते साम्य आहे?
३. केवळ साम्यावरून वनस्पती खाण्याजोगी का मानू नये?