आधी फुटांचे सेंटिमीटर करू द्या

दहावीचे निकाल लागले की दिल्लीतल्या मराठी घरांतून तेच प्रश्न येतात. लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर, नेताजी नगर या सरकारी वसाहतींतून तर हमखास. "अकरावीला कॉम्प्युटर सायन्सच घ्यायचं ना? एआयचा क्लास आत्ताच लावू का?" बोलतात आईवडील, मुलगी शेजारी गप्प बसलेली असते.

क्लासचे पैसे भरू नका. आधी तिला घरच्या कॉम्प्युटरवर फुटांचे इंच आणि सेंटिमीटर करणारा छोटा प्रोग्राम लिहू द्या. पायथन फुकट मिळतं आणि सीबीएसईच्या अकरावीच्या कॉम्प्युटर सायन्सला तेच शिकवतात. एका फुटाचे बारा इंच, एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. गणित एवढंच आहे.

आता काय होतं ते बघा. ती ५ टाइप करते, प्रोग्राम १२ने गुणतो आणि पडद्यावर उमटतं ५५५५५५५५५५५५. कीबोर्डवरून आलेला ५ पायथनच्या लेखी आकडा नसतो, नुसतं अक्षर असतं. ते त्याने बारा वेळा लिहून दिलं. अक्षराचा आकडा करून घ्यायचा असतो, हे कळलं की ही अडचण सुटते.

पुढची अडचण जास्त मोलाची. आपण घरात पाच फूट सहा इंच उंचीला '५.६' म्हणतो. प्रोग्राम ते ५.६ फूट धरतो आणि १७०.६९ सेंटिमीटर सांगतो. खरी उंची १६७.६४. पाच फूट अकरा इंचांसाठी ५.११ टाकलं, तर १८०.३४चा माणूस १५५.७५चा होतो. एरर येत नाही, उत्तर बिनदिक्कत चुकीचं येतं. फूट आणि इंच वेगवेगळे विचारायला हवेत, हे माणसालाच ठरवावं लागतं. १९९९मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं ते अशाच गफलतीने: एका सॉफ्टवेअरने आकडे पौंडांच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात धरले. कोड एआयने लिहून दिला, तरी '५.६ म्हणजे नक्की काय' हा प्रश्न कोणाला तरी पडावा लागतो.

तो प्रश्न मुलीला पडला, ती जेवायचं सोडून त्यात अडकली, तर खुशाल कॉम्प्युटर घेऊ द्या. जेईई, बीटेक, बीसीए या वाटा तुम्हाला पाठ आहेत. पण तिला कंटाळा आला, तर तो आळस नाही. तो तिचा कौल आहे, तो ऐका. वडिलांच्या निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागेल, त्याआधी पोरगी पॅकेजला लागली पाहिजे, ही धास्ती मला समजते. ती मुलीच्या विषयनिवडीवर लादणं मात्र चूक आहे, आणि ही चूक अगदी प्रेमळ घरांतही होते.

काही मुलांना कोडपेक्षा मापांतच रस वाटतो. गावचा सातबारा हेक्टर-आरमध्ये का, गुंठा १०८९ चौरस फुटांचाच का, दिल्लीच्या भाषेत तो १२१ गज कसा, असं ती विचारत सुटतात. त्यांच्यासाठी मापनशास्त्र आहे, आणि त्याचं नाव पालकांच्या तोंडी कधीच येत नाही याचं मला वाईट वाटतं. देशाची मापं जपणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा याच दिल्लीत, पूसाला आहे. भारताचा मूळ किलोग्रॅम, क्रमांक ५७, तिथे आहे. भारतीय प्रमाणवेळही तिथूनच ठरते. २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिली नाही, ती प्लांकच्या स्थिरांकाशी जोडली गेली. असल्या कामाला भौतिकशास्त्र लागतं, आणि आजकाल प्रोग्रामिंगही.

सरकारी नोकरीच हवी असेल, तर राज्यांच्या वैधमापन खात्यांत निरीक्षक असतात. पेट्रोल पंपापासून सोनाराच्या काट्यापर्यंत सगळं तेच तपासतात. भौतिकशास्त्र विषय घेऊन बीएससी झालेल्यांना आणि इंजिनीअरांना ही वाट खुली आहे. निवडीनंतरचं प्रशिक्षण रांचीच्या भारतीय वैधमापन संस्थेत होतं.

अजून काहीच ठरत नसेल, तर अकरावीला फिजिक्स आणि गणित ठेवा, जोडीला कॉम्प्युटर सायन्स घ्या. बारावीपर्यंत दोन्ही दारं उघडी राहतात.